सरकार बदललं, आता माझ्या जर्मन नागरिकत्वाचं काय? नव्याने आलेल्यांसाठी पायरी पायरीने

८ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता: ‘ज्यांनी अर्ज आधीच दिलाय त्यांचं काय?’ त्या दिवशी बुंडेस्टागने, म्हणजे इथल्या लोकसभेने, तीन वर्षांत नागरिकत्व देणारी सवलत रद्द केली होती. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने त्या सवलतीसाठी नोकरी सांभाळून रात्रीचे वर्ग केले होते. ती जर्मन भाषेची सी-१ ही वरच्या पातळीची परीक्षा पास झाली, तिने अर्ज दिला, फी भरली, आणि अर्जाचा निकाल लागायच्या आतच कायदा बदलला. तिला वाटत होतं की अर्ज दिला त्या दिवशीचा कायदा आपल्याला लागू होईल. तसं नसतं. हे तिला आधी कोणी सांगितलं असतं तर तिने ते दिवस वेगळ्या तऱ्हेने आखले असते, म्हणून हा लेख लिहायला घेतला.

ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर), शिक्षणासाठी किंवा जोडीदाराबरोबर नुकतेच जर्मनीत आला असाल तर नागरिकत्वाचा विचार आज दूरचा वाटेल. पण त्याची तयारी पहिल्या वर्षातच सुरू होते, आणि तुमच्या पाच वर्षांत इथे निदान एक निवडणूक होणारच.

पहिली पायरी: हा कायदा आजवर कसा हलला ते बघा

जर्मनीच्या नागरिकत्व कायद्याचं मूळ १९१३ सालचं आहे आणि त्याचा पाया रक्ताच्या नात्याचा होता. आईबाप जर्मन तर मूल जर्मन. इथे दोन पिढ्या राबलेल्या तुर्की कामगारांची इथेच जन्मलेली मुलंही कागदावर परदेशीच राहायची. नव्वदच्या दशकात नागरिकत्वावर हक्क सांगायचा तर साधारणपणे १५ वर्षं इथे काढावी लागत.

१९९८ मध्ये गेरहार्ड श्र्योडर यांचं सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन पक्षाचं सरकार आलं. त्यांना दुहेरी नागरिकत्व सरसकट द्यायचं होतं. ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली, आणि ७ फेब्रुवारी १९९९ ला हेसन राज्यातली निवडणूक रोलांड कोख यांनी त्याच मुद्द्यावर जिंकली. त्या एका राज्यामुळे केंद्र सरकारचं बुंडेसराटमधलं, म्हणजे राज्यांच्या सभागृहातलं, बहुमत गेलं आणि त्याला तडजोड करावी लागली. १ जानेवारी २००० पासून १५ ची ८ वर्षं झाली, इथे जन्मलेल्या मुलांना अटींसह नागरिकत्व मिळू लागलं, पण दुहेरी नागरिकत्वाचा प्रश्न लटकलेलाच राहिला.

मधली बरीच वर्षं किरकोळ बदलांत गेली. मोठा बदल सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या ओलाफ शोल्त्स यांच्या तीन पक्षांच्या सरकारने केला. १९ जानेवारी २०२४ ला बुंडेस्टागने ३८२ विरुद्ध २३४ मतांनी नवा कायदा मंजूर केला आणि २७ जून २०२४ पासून तो लागू झाला. ८ वर्षांची ५ झाली. नोकरीत, शिक्षणात किंवा समाजकार्यात विशेष कामगिरी आणि सी-१ पातळीची भाषा असेल तर ३. जुनं नागरिकत्व सोडण्याची जर्मनीची अट गेली. त्या एका वर्षात सुमारे २ लाख ९२ हजार लोक जर्मन नागरिक झाले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ते सरकार कोसळलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये निवडणूक झाली आणि ६ मे रोजी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे फ्रीडरिश मेर्त्स चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाले. त्यांच्या पक्षाचा २०२४ च्या कायद्याला उघड विरोध होता, पण सरकारात सोबतीला सोशल डेमोक्रॅट होते आणि तो कायदा त्यांनीच आणलेला. त्यामुळे सगळा कायदा उलटला नाही. तीन वर्षांची वाट ३० ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. पाच वर्षं आणि दुहेरी नागरिकत्व दोन्ही तसंच राहिलं.

यातून मी काढलेला अर्थ असा. सरकार बदललं की सगळं बदलत नाही. सर्वांत अलीकडे दिलेली आणि सर्वांत जास्त टीका झालेली सवलत आधी जाते. बरीच वर्षं रुळलेली अट सहसा टिकते. कॅनडात हेच झालं. हार्पर सरकारने जून २०१५ पासून सहा वर्षांत १,४६० दिवस राहण्याची अट घातली आणि पुढच्या लिबरल सरकारने ऑक्टोबर २०१७ पासून ती पाच वर्षांत १,०९५ दिवसांवर आणली. तिथे वारं उलट दिशेने वाहत होतं, पण हललं तेच, जे नुकतंच घातलेलं होतं. म्हणून आपलं नियोजन जवळच्या वाटेवर उभं करू नका. ती मिळाली तर घ्या.

दुसरी पायरी: घोषणा आणि कायदा यांतला फरक ओळखा

निवडणुकीच्या काळात रोज काहीतरी कानावर येतं. २०२५ च्या निवडणुकीत एएफडी हा पक्ष २०.८ टक्के मतांसह दुसऱ्या क्रमांकावर आला आणि त्याला हे नियम आणखी कडक हवे आहेत, त्यामुळे पुढच्या निवडणुकीआधीही हे ऐकावं लागणारच. धीर सुटू देऊ नका. बातमी नेमकी कुठल्या टप्प्याची आहे ते बघा.

जाहीरनामा म्हणजे कायदा नाही. आघाडीचा करार म्हणजेही नाही, पण करारात आलेली गोष्ट गांभीर्याने घ्यावी. मग मंत्रिमंडळाचा निर्णय होतो. तीन वर्षांची सवलत काढण्याचा तो निर्णय २८ मे २०२५ ला झाला. त्यानंतर विधेयक बुंडेसराट आणि बुंडेस्टागमध्ये फिरतं, राष्ट्राध्यक्षांची सही होते आणि शेवटी ते राजपत्रात छापलं जातं. २०२३ पासून हे राजपत्र अधिकृतपणे इंटरनेटवरच निघतं आणि कोणालाही फुकट वाचता येतं. लागू होण्याची तारीख तिथे असते, तीच खरी. मे ते ऑक्टोबर असे पाच महिने या बदलाची चाहूल उघड होती. ज्यांची फाइल तयार होती, त्यांना तेवढा वेळ मिळाला.

विधेयकात दोनच गोष्टी आधी शोधा: कोणत्या तारखेपासून, आणि आधी आलेल्या अर्जांचं काय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या कलमाला संक्रमणकालीन तरतूद म्हणतात. ऑक्टोबर २०२५ च्या कायद्यात ती नव्हती. ती नसली की निर्णयाच्या दिवशी जो कायदा असेल तो लागू होतो. माझ्या मैत्रिणीचं पाऊल इथेच अडलं.

आणखी एक. कायदा केंद्राचा असला तरी अंमलबजावणी राज्यांची आणि स्थानिक कार्यालयांची असते. बर्लिनमध्ये हे काम १ जानेवारी २०२४ पर्यंत १२ वेगवेगळ्या प्रभाग कार्यालयांकडे होतं. त्या दिवशी ते एका केंद्रीय कार्यालयाकडे गेलं. कायद्याचं एक अक्षर न बदलता अर्जदाराचा अनुभव बदलतो तो असा. तुमच्या शहरात अर्जाला किती वेळ लागतो, हे दुसऱ्या शहरातल्या भावाला विचारून कळणार नाही. आपल्या कार्यालयाला ईमेल करा.

तिसरी पायरी: पाच वर्षं नेमकी मोजा

मोजणी इथे कायदेशीर, नेहमीचं वास्तव्य सुरू झाल्यापासून होते. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलात तो काळ धरला जातो. विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षंही मोजली जातात, पण नागरिकत्व मिळताना हातात शिक्षणाचा परवाना असून चालत नाही. ब्लू कार्ड चालतं, कायमचा परवाना (पीआर) तर चालतोच. ‘आधी पीआर मग सिटिझनशिप’ असा क्रम सक्तीचा आहे असं पुष्कळांना वाटतं; तो सक्तीचा नाही.

परदेशातला मुक्काम सहा महिन्यांपर्यंत असेल तर साधारणपणे खंड धरत नाहीत. आईवडिलांच्या आजारपणात पुण्याला तीन-चार महिने राहावं लागलं म्हणून घाबरू नका. त्याहून लांबणार असेल तर निघायच्या आधीच परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी मुदत घ्या. जोडीदार जर्मन नागरिक असेल तर तीन वर्षं वास्तव्य आणि दोन वर्षं लग्न ही वेगळी वाट आहे. २०२५ च्या बदलाने तिला हात लावला नाही.

कायमचा परवाना सक्तीचा नसला तरी घ्याच. ब्लू कार्डवर बी-१, म्हणजे मधल्या पातळीची, जर्मन भाषा असेल तर तो २१ महिन्यांत मिळतो, ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीची, असेल तर २७ महिन्यांत. सरकारं बदलत राहिली तरी पायाखाली जमीन राहते. शिवाय, घरात बाळ येणार असेल तर हा परवाना फार मोलाचा आहे. आई किंवा वडील यांपैकी एक जण जन्माच्या दिवशी पाच वर्षं इथे कायदेशीर राहत असेल आणि त्याच्याकडे कायमचा परवाना असेल, तर बाळ जन्मतःच जर्मन नागरिक होतं. पाच वर्षं झाली पण परवाना फक्त ब्लू कार्डचा, एवढ्याच कारणाने मुलाचा हा हक्क हुकलेला मी पाहिला आहे. एका अर्जाचा आळस होता, बाकी काही नाही.

चौथी पायरी: कागद आजपासून जमवा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि कुठल्याही सरकारच्या धोरणापेक्षा जास्त लोक इथेच अडकतात.

जन्मदाखल्यापासून सुरू करा. ऐंशीच्या दशकात ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदलेल्या कितीतरी दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं. लिंग, तारीख, आईचं नाव, वडिलांचं नाव. नावाच्या रकान्यात रेघ. बारसं नोंदणीनंतर झालं, नाव घालायला पुन्हा कोणी गेलं नाही. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर भागून जातं, इथे नाही. इथला अधिकारी विचारतो, हा दाखला तुमचाच कशावरून? पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा पहिल्याच आठवड्यात नोंदणी कार्यालय गाठा, नाव घालून घ्या आणि दोन-तीन प्रती आणा.

मग नावांची जुळणी. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव. पासपोर्टवर मधलं नाव कधी पहिल्या नावाला चिकटतं, पदवीवर आडनाव आधी येतं, लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या कागदांवर दोन-दोन आडनावं दिसतात. इथल्या नजरेला ही वेगवेगळी माणसं वाटतात. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक दस्तावेजातलं नाव जसंच्या तसं लिहून काढा. फरक असेल तिथे लग्नाचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा प्रतिज्ञापत्र जोडीला ठेवा. ओळख निर्विवाद सिद्ध होणं ही कायद्याची अट आहे, आणि ती सैल होईल अशी आशा कुठल्याही सरकारकडून धरू नका.

अपॉस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, त्याबद्दल सावध राहा. भारत अपॉस्टील करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली होती, त्यामुळे मुंबईतल्या एजंटने ‘सगळीकडे चालतं’ म्हणून करून दिलेलं अपॉस्टील इथे चालेलच असं नाही. आपल्या कार्यालयाला आधी लेखी विचारा: भारतीय जन्मदाखला कोणत्या स्वरूपात हवा? उत्तर जपून ठेवा. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

पगारपत्रकं, नोकरीचे करार, भाडेकरार, पत्त्याची नोंद, जुने रद्द पासपोर्ट, जुनी परवान्याची कार्डं: काहीही टाकू नका.

पाचवी पायरी: भाषा, परीक्षा, पगार

भाषा बी-१. पुण्यात किंवा मुंबईत मॅक्सम्युलर भवनात परीक्षा देऊन आला असाल तर ते प्रमाणपत्र सांभाळा. खोट्या प्रमाणपत्राच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. फसवणुकीने मिळवलेलं नागरिकत्व दहा वर्षांपर्यंत काढून घेता येतं, आणि भारताचं तोवर गेलेलं असतं.

नागरिकत्वाची परीक्षा ३३ प्रश्नांची, त्यातले १७ बरोबर, वेळ ६० मिनिटं, फी २५ युरो. सगळे ३१० प्रश्न आधीच जाहीर आहेत, त्यातले १० तुमच्या राज्याबद्दलचे. दोन आठवडे रोज अर्धा तास पुरतो. ती पहिल्या-दुसऱ्या वर्षीच देऊन टाका. तारीख मिळायलाच कधी कधी महिने जातात.

उदरनिर्वाह स्वतःच्या कमाईवर हवा. नोकरी गेल्यावर मिळणारा बेकारी भत्ता हा विम्याचा पैसा आहे, तो सरकारी आधाराच्या पैशांत धरत नाहीत. तरी नोकरी हातात असताना अर्ज देणं बरं. गुन्ह्यांची नोंद, राज्यघटनेवरची निष्ठा, नाझी काळातल्या अत्याचारांबद्दलची जर्मनीची जबाबदारी मान्य असल्याचं निवेदन हेही असतं. ते निवेदन नुसतं सही करण्याचं कलम समजू नका. त्यावर प्रश्न विचारले जाऊ शकतात आणि ते समजून घेणं आपलं कर्तव्यही आहे.

सहावी पायरी: पात्र झालात की अर्ज द्या

‘सरकार स्थिर झालं की बघू’, ‘पुढच्या वर्षी पगारवाढ झाली की देऊ’ असं करू नका. निर्णयाच्या दिवशीचा कायदा लागू होतो, म्हणून उशिराचा प्रत्येक महिना म्हणजे बदलाला दिलेली एक संधी. फाइल अर्धवट देणंही तितकंच वाईट, कारण मागितलेला एक कागद यायला सहा आठवडे गेले की फाइल ढिगाखाली जाते.

फी मोठ्यांसाठी २५५ युरो, सोबत अर्ज करणाऱ्या आणि स्वतःची कमाई नसलेल्या अल्पवयीन मुलासाठी ५१. अर्ज मिळाल्याची पोच घ्या. नोकरी, पत्ता, लग्न, बाळ, काहीही बदललं तर लगेच कळवा. दुसऱ्या जिल्ह्यात घर बदलणार असाल तर फाइल तिकडच्या कार्यालयात जाते आणि महिने वाया जातात, हे हिशोबात धरा.

बऱ्याच ठिकाणी एक वर्षाहून जास्त वेळ लागतो. पूर्ण अर्जावर तीन महिने काहीच निर्णय नसेल तर प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईविरुद्ध दावा लावता येतो. पण आधी वकिलाशी बोला. मध्येच कायदा बदलला तर न्यायालयही नव्या कायद्यानेच बघतं, आणि कार्यालयाकडे उशिराचं सबळ कारण असेल तर वाट पाहावीच लागते. मैत्रिणीने दावा लावला नाही. अर्ज मागे न घेता तिने कार्यालयाला विचारलं की पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत तो तसाच ठेवता येईल का. तिला होकार मिळाला, पण हा त्या त्या कार्यालयाचा प्रश्न आहे, म्हणून तुम्हीही विचारून घ्या.

एकदा प्रमाणपत्र हातात आलं, आणि ते फसवणुकीने मिळवलेलं नसलं, की मात्र जमीन घट्ट आहे. जर्मन राज्यघटनेचं १६ वं कलम सांगतं की नागरिकत्व काढून घेता येणार नाही. ज्या देशाने १९३३ नंतर आपल्याच नागरिकांचं नागरिकत्व हिरावून घेतलं, त्याने हे वाक्य घटनेत लिहून ठेवलं आहे.

सातवी पायरी: भारताच्या बाजूचं सगळं आधी समजून घ्या

‘जर्मनीने दुहेरी नागरिकत्व मान्य केलं’ ही २०२४ ची बातमी वाचून आपल्या कितीतरी लोकांनी पेढे वाटले. ती मुभा जर्मनीच्या बाजूची आहे. भारताच्या घटनेचं ९ वं कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं ९ वं कलम सांगतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. बर्लिनमध्ये कोणाचंही सरकार येवो, हे बदलत नाही.

ते संपतं जर्मन प्रमाणपत्र हातात पडलं त्याच क्षणी. त्यानंतर निळ्या पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. जर्मन पासपोर्ट यायला काही आठवडे जातात. मग भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करायचा, त्याचं सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज, ते यायला आणखी आठवडे. म्हणून जर्मन प्रमाणपत्र मिळण्याच्या समारंभाची तारीख आणि दिवाळीचं तिकीट यांत भरपूर अंतर ठेवा. घरी कोणी आजारी असेल तर तारीख पुढे मागून घेणंही शहाणपणाचं. रद्दचा शिक्का मारलेला जुना पासपोर्ट परत मिळतो. तो हातात घेताना बहुतेकांचा गळा दाटतो. त्या दिवशी एकटे जाऊ नका.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही, सरकारी नोकरी नाही. मार्च २०२१ पासून पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण अशा कामांसाठी वेगळी परवानगी लागते. म्हणजे भारतातही ही चौकट सरकारी अधिसूचनेने बदलते, तिच्यावरही लक्ष ठेवा.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न शेतीचा. परदेशात राहणाऱ्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. ही अट ओसीआय झाल्यावर लागते असा समज आहे. ती अनिवासी भारतीयाला, म्हणजे निळा पासपोर्ट असतानाही, लागूच असते. वारशाने मात्र दोघांनाही शेती मिळते. त्यामुळे नागरिकत्व घेतलं म्हणून वडिलांच्या जमिनीतला हिस्सा जात नाही, आणि त्या भीतीने घाईघाईत बक्षीसपत्र करायला धावू नका. करायचं ते एवढंच: पुढच्या खेपेला गावी गेलात की चालू सातबारा आणि आठ-अ काढून घ्या, आजोबांच्या मृत्यूनंतरची वारस नोंद झाली आहे का ते फेरफारात तपासा, राहिली असेल तर आईवडील हयात असतानाच ती करून घ्या, आणि सातबाऱ्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळतं ना ते बघा.